पुढे फाटले

मेहकरला मला खोली मिळाली, ती एका प्रश्नाचं उत्तर न आल्यामुळे.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी धाडचा, आमच्या वस्तीतला पहिला बी.ए. हायस्कुलात नेमणूक झाली म्हणून ट्रंक घेऊन आलो, तर गावात राहायला जागा मिळेना. आम्ही नव्यानं बौद्ध झालेली माणसं. कागदावर सगळी दारं उघडी होती, पण आडनाव विचारून झालं की घरमालकाला नेमकं आठवायचं, की खोलीत भाऊ राहायला येणार आहे. चार दिवस मी शाळेच्या व्हरांड्यात काढले. पाचव्या दिवशी शाळेचा शिपाई मला गावाच्या खालच्या अंगाला, पैनगंगेकडे उतरत जाणाऱ्या वस्तीत घेऊन गेला. तिथं एका ओसरीवर पन्नाशीचा काटकुळा माणूस ग्रामोफोनचं पोट उघडून बसला होता. त्यानं मान वर न करता विचारलं,

"मास्तर, भूप रागात कोनते दोन सूर नसते?"

मी खोली विचारायला आलो होतो. मला वाटलं, हा माणूस दुसऱ्याच कुणाशी बोलतोय. शिपायानं कोपरानं ढोसलं तेव्हा म्हणालो, "मला नाही माहीत."

त्यानं पेचकस खाली ठेवला. "खोली तुमची. तुमच्या पयले एक तलाठी येऊन गेला. त्यानं बेधडक 'सा' सांगतला. साशिवाय राग असते का कुठी? मध्यम अन् निषाद नसते. चहा पेता ना?"

हे आमचे मामा. वस्तीत लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्या माणसाला मी पुढं सांगतो आहे तसं वागवलं त्याचं नाव माझ्या हातानं लिहायला मला संकोच वाटतो.

मामा बारा वर्षं तंबूतल्या सिनेमाबरोबर वऱ्हाडभर हिंडले होते. आधी खुंट्या ठोकणारा गडी, मग इंजिनवाला, मग मशीनवाला. मालकानं तंबू विकला तेव्हा ते एक हत्यारांची पेटी घेऊन घरी आले, आणि स्टो, गॅसबत्त्या, ग्रामोफोन दुरुस्त करू लागले. मामी वारल्या होत्या. एकुलती मुलगी बुलढाण्याला वसतिगृहात राहून मास्तरणीचं ट्रेनिंग करत होती. घरात मामा एकटे, आणि पलीकडच्या खोलीत मी.

सकाळी सहाला ते दोन कपबश्या घेऊन माझ्या दाराशी येत. एक कप शेजाऱ्याला लगेच देत. दुसरा, म्हणजे माझा, हातातच धरून ठेवत आणि प्रश्न विचारत. "चहाचं झाड कापलंच नाही तं केवढं व्हते?" "बोलक्या सिनेमात एका सेकंदात किती चित्रं पयते, अन् मुक्यात किती पये?" "सिनेमाच्या पडद्याले बारीक बारीक भोकं काऊन असते?" पहिला कप घेणारा, दाराच्या चौकटीवर बसलेला हा शेजारी शिंपीकाम करायचा आणि चहासाठी रोज यायचा. त्याला मात्र प्रश्न नसे. "त्याले इचारून काय फायदा," मामा म्हणत, "तो हरेक गोष्टीले हाव म्हनते."

उत्तर आलं नाही तरी चहा मिळायचाच. फक्त 'माहीत नाही' असं तोंडानं म्हणायला लागायचं. मग मामा स्वतः उत्तर सांगत. चहाचं झाड मोकळं सोडलं तर चांगलं उंच वाढतं. चोवीस चित्रं, आणि मुक्यात सोळा. पडद्याला भोकं असतात ती मागचा आवाज गाळून पुढं यावा म्हणून. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर शिकवण्याचा भाव नसायचा. नवी भाजी बाजारात आली आहे हे सांगावं, तसं सांगत.

त्यांचं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही वर्गाच्या बाहेर बसून. "मास्तर पोरायकडे तोंड करून बोले तवा आयकू ये," ते एकदा म्हणाले. "फळ्याकडे वळला की अर्धं राहून जाये. माह्याजवळ समदं ज्ञान असं अर्धं अर्धं हाय."

पुढचंही ज्ञान त्यांनी तसंच गोळा केलं होतं, किराण्याच्या पुड्यांमधून. हळदीची, जिऱ्याची, गुळाची पुडी घरी आली की ती सोडून कागद मांडीवर सपाट करायचा, तळव्यानं इस्त्री केल्यासारखा दाबायचा आणि वाचायचा. कधी जुन्या मासिकाचं पान निघे, कधी कुणाच्या पाठ्यपुस्तकाचं. जे नवीन सापडेल ते ते वहीत उतरवून घेत. वहीही त्यांनीच शिवलेली. सिनेमाच्या जुन्या जाहिरातींच्या पाठकोऱ्या बाजू एकत्र शिवून केलेली ती जाडजूड वही होती. एका बाजूला नटीचा अर्धा चेहरा, पलटलं की मामांचं टपोरं अक्षर. पण पुडीचा कागद कधी पूर्ण नसतो. मजकूर ऐन भरात आला की कडा संपायची. तिथं मामा खाली रेघ मारून लिहीत, 'पुढे फाटले'.

वहीतल्या एका नोंदीत होतं, की एका फकिरानं परदेशातून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि आपल्या देशातल्या एका डोंगरावर लावल्या, त्या डोंगराचं नाव — पुढे फाटले. दुसऱ्या नोंदीत, दिल्लीच्या सुलतानानं राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा लोकांना चालत यायला लागलेले दिवस — पुढे फाटले. वहीत अशा शंभरेक जागा होत्या. मी एकदा म्हटलं, "मामा, अंदाजानं काहीतरी लिहून टाका की." त्यांना ते आवडलं नाही. "फाटलं तिथं थांबावं, मास्तर. जीभ लांब करू नये."

आणि मी नेमकं तेच केलं.

संध्याकाळी ओसरीवर चारपाच जण जमत. शिंपी, कडेला काठी टेकून बसणारे एक म्हातारे आजोबा, कामावरून आलेले एकदोघे. मी आल्यापासून मामांना उत्साह आला होता. आता घरात बी.ए. झालेला माणूस होता. ते वही उघडून फाटलेल्या जागा एकेक करून माझ्यासमोर ठेवू लागले. पहिल्या संध्याकाळी मी दोनदा 'माहीत नाही' म्हणालो. कुणी हसलं नाही. फक्त त्या आजोबांनी, अगदी मायेनं, विचारलं, "मंग बी.ए.मंदी काय शिकोतेत बाप्पा?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, टोमणा नव्हता. पण माझे कान तापले. माझ्या बापानं दुसऱ्याच्या शेतात राबून मला शिकवलं होतं, अख्खी वस्ती मला बघायला स्टँडवर आली होती, आणि मी दोन प्रश्नांना गप्प बसलो होतो. तिसरा प्रश्न आला, सोड्याच्या बाटलीतल्या गोटीचा. ती गोटी बसवायची युक्ती कोणी काढली? मी शांतपणे म्हणालो, "एका जर्मन काचवाल्यानं." तो इंग्रज होता हे मला फार पुढं कळलं. त्या वेळी मला काहीच माहीत नव्हतं. जर्मन माणसं यंत्रांत हुशार असतात, एवढ्या भांडवलावर मी ते बोललो.

मामांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या डोळ्यांत जे दिसलं ते मला आवडलं. त्यांनी दौत पुढं ओढली, 'पुढे फाटले' वर आडवी रेघ मारली, आणि शेजारी लिहिलं : जर्मन काचवाला.

त्यानंतर ते सोपं झालं. कॉफीच्या बिया निलगिरीवर लावल्या. देवगिरीला लोक सत्तावीस दिवसांत पोचले. सत्तावीस मी मुद्दाम म्हटलं, महिना म्हटलं असतं तर अंदाज वाटला असता. तबल्यावरची काळी शाई कशाची असते, तर हस्तिदंत जाळून केलेल्या राखेची. चित्रकार एक काळा रंग असा करतात हे मी कुठंतरी वाचलं होतं, ते तबल्याला चिकटवून दिलं. वर्षभरात मी मामांच्या वहीतली कितीतरी भोकं बुजवली. शाळेत मी असं करत नव्हतो, निदान फारसं नाही. पण त्या ओसरीवर मी कधीच अडलो नाही.

त्या सगळ्यांत एक मला स्वतःलाच फार आवडलं होतं. ओवीचे चरण साडेतीन, शेवटचा तोकडा असतो तो का? वहीतली ही नोंद एका पाठ्यपुस्तकाच्या पानावरची होती, आणि उत्तराच्या जागी कागद संपला होता. मी जरा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, "जात्यावर बाई गाते ना, मामा. गाता गाता जात्यात मूठभर दाणे टाकायला तिला थांबावं लागतं. तिथं चरण तुटतो. तो तोकडा राहिला तो तिच्या हातामुळं."

आजोबांनी डोळे पुसले. मामा हळूच म्हणाले, "माही माय अशीच थांबे, मास्तर."

त्या आठवड्याच्या पोस्टकार्डावर त्यांनी तेच लिहिलं. दर रविवारी ते मुलीला बुलढाण्याला कार्ड टाकत. वर ख्यालीखुशाली दोन ओळी, खाली एक नवीन माहिती. मीच ते कार्ड शाळेच्या वाटेवर पेटीत टाकलं.

गावात एक जुनं वाचनालय होतं. मास्तर म्हणून मला तिथं लगेच सभासद करून घेतलं होतं. मामांनी तीन वेळा अर्ज केला होता. नाही कुणी म्हणत नव्हतं. दोन सभासदांची शिफारस लागते, पुढच्या बैठकीत बघू, असं चाललं होतं. त्यातली एक शिफारस मी देऊ शकलो असतो. पण नवा माणूस लगेच आपल्या लोकांना आत आणतो, असं कुणी म्हणेल या भीतीनं मीही 'पुढच्या बैठकीत' असंच म्हणत राहिलो होतो.

वाचनालयाच्या वाढदिवशी दुपारी त्यांनी सामान्य ज्ञानाची स्पर्धा ठेवली. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे एक वयस्क वकील. त्यांनी जाहीर केलं की पहिला येईल त्याला फाउंटन पेन, आणि तो सभासद नसला तर तिथल्या तिथं सभासदत्व. परीक्षक तिघे : स्वतः अध्यक्ष, गावातले एक तबलजी आणि मी. प्रश्न अध्यक्षांनी काढून चिठ्ठ्यांवर लिहिले होते, आम्ही पाहिले नव्हते.

मामा इस्त्रीचा सदरा घालून आले. ते बसले आणि एकेक उत्तर देत गेले. सिनेमावरचं, चहावरचं, वऱ्हाडच्या जुन्या राजधानीचं. जे येत नव्हतं त्याला "माहीत नाही जी" असं स्वच्छ म्हणत होते. लोक आधी गंमत म्हणून बघत होते, मग लक्ष देऊन बघू लागले. शेवटी दोघे उरले. मामा आणि दवाखान्यातला एक कंपाउंडर. गुण सारखे. कंपाउंडरची चिठ्ठी चुकली. मामांच्या चिठ्ठीचं उत्तर आलं की संपलं.

अध्यक्षांनी वाचलं, "तबल्यावरची शाई कशापासून करतात?"

मामांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. एखाद्यानं मेजवानीच्या पंगतीत आपल्याला वाढणाऱ्याकडं बघून हसावं, तसं. मग ते ठासून म्हणाले, "हस्तिदंत जाळून त्याची राख करते, साहेब."

तबलजी आधी हसले. त्यांना आवरेना. "अहो, तबला हाय का राजाचा पलंग? लोखंडाचा कीस अन् भाताची खळ असते ती." मग सगळे हसू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "यायच्या वस्तीत हत्ती मेला वाटते." त्यावर पुन्हा हसू फुटलं, आणि हे हसू आधीच्यापेक्षा वेगळं होतं. मी त्या वस्तीत राहत होतो, मला ते बरोबर कळलं.

अध्यक्ष सज्जन होते. त्यांनी हात वर करून लोकांना शांत केलं आणि विचारलं, "हे तुम्ही कुठं वाचलंत?"

मी फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं. खुर्चीतून उठायचीही गरज नव्हती. समोर पाण्याचा पेला होता. तो मी उचलला आणि प्यायलो, सगळा, एका दमात. पेला खाली ठेवला तेव्हा मामा बोलत होते.

"कागद फाटका व्हता, साहेब. पुढलं म्याच जोडलं."

ते माझ्याकडं न बघता हे बोलले. पेन कंपाउंडरला मिळालं. ते त्याच्या हाती देताना टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

कार्यक्रमानंतर परीक्षकांना चहा-चिवडा होता. मी तो घेतला. दिवेलागणीला घरी आलो तर मामा ओसरीवर नेहमीसारखे बसून एका स्टोची पिन काढत होते. "जेवले का?" म्हणाले. मी हो म्हणालो. माझ्या खोलीत जाऊन दार लावून बसलो. त्यांनी आत येऊन शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. ते आले नाहीत.

सकाळी सहाला आले. एका हातात चहा, काखेत वही. चहा माझ्या हातात दिला, लगेच, काही न विचारता. वही ट्रंकेवर ठेवली. माझी शाळेतली लाल-निळी पेन्सिल तिथंच पडली होती, ती उचलून वहीवर ठेवली.

"यातले तुमच्या मनातले कोनते, त्याले खुना करा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. कुठल्या कुठल्या गॅसबत्त्या बिघडल्यात ते सांगा, म्हणजे दुरुस्तीला घेतो, असा तो आवाज होता. मी वही उघडली. मामा समोर उकिडवे बसले. मी लाल खुणा करू लागलो. हस्तिदंत. गोटी. निलगिरी. सत्तावीस दिवस. प्रत्येक खुणेला मामा नुसती मान हलवत. पाच झाल्या, सात झाल्या. प्रत्येक पानावर मी होतो. नवव्या-दहाव्या खुणेनंतर मला त्यांच्या मान हलवण्याची भीती वाटू लागली. अकरावी खूण केली आणि पुढची पानं भराभर उलटली. त्यांत आणखी सातआठ तरी होती. ओवीचं पान आलं. तिथं मी थांबलो. त्यांची आई, आजोबांचे पुसलेले डोळे, आणि खरं सांगायचं तर माझी स्वतःची आवडती थाप. ते पान मी उलटलं.

"एवढेच?" मामांनी विचारलं.

"एवढेच."

"बरं झालं. मले वाटलं व्हतं जास्त असतीन."

पुढचे दोनअडीच महिने मामांनी जे केलं ते वस्तीला वेडेपणाचं वाटलं. ते ज्याला ज्याला त्या अकरांतलं काही सांगितलं होतं त्याच्याकडं जाऊन ते परत घेऊ लागले. स्टँडवरच्या न्हाव्याकडं मी दाढीला बसलो होतो, तेव्हा ते आले. माझ्या तोंडाला साबण होता. त्यांनी मला ओळखलं की नाही कुणास ठाऊक.

"तुले म्या तबल्याच्या शाईचं सांगतलं व्हतं, ते चूक हाय."

न्हावी म्हणाला, "मामा, हत्तीचा दात असो की लोखंड, मले काय करायचं हाय?"

"तुले काई करायचं नसन. पन खोटं माह्या तोंडून गेलं. ते वापस घ्याले आलो."

एकदा सुट्टीत मी धाडला घरी गेलो होतो. आठवडी बाजाराचा दिवस होता. गर्दीत मला मामा दिसले. मेहकराहून दोन एस.टी. बदलून आले होते. त्यांच्या तंबूतला जुना दारवान धाडच्या बाजारात सोड्याची गाडी लावायचा, त्याच्यासमोर ते उभे होते. मी दोरखंडं विकणाऱ्याच्या मागं झालो. माझ्याच गावात, माझ्याच बाजारात मी लपलो.

"ते गोटीचं जर्मन नाई," मामा त्याला सांगत होते.

"मंग कोनाचं हाय?"

"ते मले माहीत नाई. पन जर्मन म्हनू नको."

"अन् एवढ्यासाठी तू मेकरहून आला?"

"गिऱ्हाइकायले सांगत असशीन ना तू?"

"हाव, रोज सांगतो. लोकायले आवडते."

"मंग."

दारवानानं एक सोडा फोडून त्यांना दिला. मामा उभ्यानं तो प्यायले आणि परतीच्या गाडीला लागले. त्यांच्या चपलेचा एक अंगठा तुटलेला होता, ते पाय घासत चालत होते. मी दोरखंडांच्या मागून ते स्टँडच्या बाजूला वळेपर्यंत बघत राहिलो.

त्यांनी मला घराबाहेर काढलं नाही. वस्तीत कुणाला माझं नाव सांगितलं नाही. 'मास्तर' म्हणायचं सोडलं नाही, चहाही सोडला नाही. फक्त प्रश्न बंद झाले. रोज सकाळी सहाला दोन कप येत आणि दोन्ही लगेच दिले जात. मी तो चहा आणखी आठ महिने प्यायलो. मग माझी मलकापूरला बदली झाली. खरं म्हणजे ती मी मागून घेतली होती. निघताना मामा ट्रंक डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत आले.

दहाबारा वर्षं गेली. मी हेडमास्तर झालो. एका वर्षी सातवीच्या निबंधांच्या वह्या बघताना एका मुलीच्या वहीत वाचलं, की जात्यात दाणे टाकायला बाई थांबते म्हणून ओवीचा शेवटचा चरण तोकडा असतो. ती मुलगी वडलांच्या बदलीमुळं त्याच वर्षी लोणारहून आली होती. मी तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "आमच्या लोणारच्या बाईंनी सांगितलंय, सर. त्यांना सगळं येतं."

मी त्या निबंधाला गुण दिले. पण त्यानंतर मला चैन पडेना. पुढच्या रविवारी मेहकरची गाडी पकडली.

मामा त्याच ओसरीवर होते. हत्यारांची पेटी बंद होती. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्यानं थोडं दिसत होतं. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं आणि चहा ठेवायला उठले. मी त्यांना बसवलं. जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. अकरा नव्हते, मामा. जास्त होते. मग मला आठवत होती तेवढी एकेक करून सांगितली. ओवीचं सगळ्यात शेवटी.

ते म्हणाले, "माह्या मायचं म्या तुमाले सांगतलं व्हतं."

"हो."

"तवाच सांगतलं असतं तं म्या जाऊन आलो असतो." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "आता कोनाले सांगू, मास्तर? आजा गेला. शिंपी गेला. धाडवाला गेला. ते तसंच घेऊन गेले."

ओसरीच्या फरशीला एक तडा गेला होता, मी तोच बघत होतो.

"एक पोरगी हाय," ते म्हणाले. "लोणारले मास्तरीन हाय. तिले म्या कारड टाकलं व्हतं ओवीचं. म्या नाही जात आता. दिसत नाही मले. अन् हे माहं नाही. तुमी जा."

सोमवारी सकाळी मी लोणारला उतरलो. शाळा तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर होती. मामांची मुलगी आता तिशीच्या पुढची, चष्मा लावलेली बाई झाली होती. नाव सांगताच तिनं वर्गाबाहेर येऊन मला वाकून नमस्कार केला. "आबांच्या कार्डांत तुमचं नाव असायचं," म्हणाली. "मास्तरांनी सांगितलं, मास्तरांनी सांगितलं."

मी तिला व्हरांड्यात सगळं सांगितलं. ती ऐकत होती तसतसा तिचा चेहरा तिच्या वडलांसारखा होत गेला.

"मग तो चरण तोकडा का असतो?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही."

"दरवर्षी सांगते मी हे," ती म्हणाली. एवढंच. मग ती वर्गात गेली. दार उघडंच राहिलं.

"वह्या काढा. ओवीचा पाठ काढा. तिथं मी तुम्हाला एक चूक लिहून दिली होती. ती काढायची आहे."

एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, तुमाले कोनी सांगतलं व्हतं ते?"

तिची नजर दाराकडं आली नाही. "मीच नीट विचारून घेतलं नव्हतं," ती म्हणाली.

मी आत गेलो. कसा गेलो ते मला सांगता येणार नाही. चाळीसेक पोरं उभी राहिली, शाळेत पाहुणा आला की राहतात तशी. मी म्हणालो, "ते मी सांगितलं होतं. बाईंच्या वडलांना. मला माहीत नव्हतं, तरी सांगितलं."

तो मुलगा अजून उभाच होता. "काऊन सांगतलं मंग?"

"माहीत नाही म्हणायची मला लाज वाटली."

त्याला ते पटलं की नाही, कळलं नाही. मग तो खाली बसला आणि पट्टी शोधू लागला. बाकीच्यांनीही पट्ट्या काढल्या. कुणीतरी शेजारणीची पट्टी मागितली. मग सगळ्या वर्गात कागदावर रेघा ओढल्याचा आवाज सुरू झाला, आणि तो पूर्ण थांबेपर्यंत मी फळ्यापाशी उभा राहिलो.